तीन ठिकाणी ठेवलेली डिझाइनं

ताबीशचा शब्द म्हणजे ऑफिसात काळ्या दगडावरची रेघ. सोलापुरातले दोन दवाखाने, एक कॉलेज आणि चादरींचा एक कारखाना, या सगळ्यांचे कम्प्युटर त्याच्या सर्व्हर रूममध्ये नांदायचे. खरेखुरे डबे नव्हेत, तर पाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारी व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकाची डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल, आणि तिच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर. एक सर्व्हर बंद पडला तरी कुणाचं काम अडत नसे. पाहुण्यांना हे सांगताना गड्याची छाती दोन इंच फुगायची.

पण तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. डिस्क पुसली की तिन्ही प्रती एकदमच जातात. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक डिस्कची नक्कल काढायची, ती दुसऱ्या इमारतीतल्या वेगळ्या मशीनवर ठेवायची आणि वहीत सही करायची, हा नियम त्यानंच घातला होता. मागच्या वर्षी नक्कल निघताना कारखान्याचं काम रेंगाळायला लागलं, तक्रारी आल्या. त्यानं कारखान्यापुरती नक्कल आठ दिवस बंद केली. आठाचे पंधरा झाले, पंधराचे चौदा महिने. सही मात्र एकाही आठवड्याला चुकली नाही. सहीच्या बाबतीत माणूस मोठा वक्तशीर!

सोमवारी सकाळी अंकिता चाचणीच्या जुन्या डिस्क पुसत होती. कुंभारीहून रोज स्कूटीवर येणारी, दोन वर्षांत कुणाला नाव ठेवायला जागा न देणारी पोरगी. यादीतली एक ओळ खाली-वर झाली आणि कारखान्याची डिस्क गेली. मशीन चालू असतं तर सर्व्हरनं डिस्क पुसूच दिली नसती, पण कारखान्याला नेमकी सुट्टी होती आणि मशीन बंद. पाचच मिनिटांत ती आपणहून ताबीशच्या टेबलापाशी आली.

"सर, माझ्या हातनं लई मोठी चूक झाली. पण बॅकअप हाय न्हवं?"

"बघतो," म्हणून ताबीश सर्व्हर रूममध्ये गेला. बघणार काय, कपाळ? चौदा महिन्यांपूर्वीची एक नक्कल तेवढी होती, आणि त्या डिस्कवरचं खरं धन त्यानंतर आलेलं. कारखान्याचे नक्षीकार शिवप्पा मास्तर, अडतीस वर्षं चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत मोर, हत्ती, वेली काढणारा माणूस. गेल्या दिवाळीत त्यांची सगळी डिझाइनं स्कॅन करून त्या डिस्कवर चढवली होती. तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं, "ताबीशभाई, कागुद ठिवू का?" आणि हा शहाणा म्हणाला होता, "रद्दी कशाला सांभाळता मास्तर? तीन ठिकाणी ठेवलंय." मास्तरांनी भरवशावर पोतीच्या पोती रद्दीत घातली.

ताबीश बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या तोंडातून निघालं, "बॅकअपची फाइल खराब झालीय."

कुणी एक प्रश्न विचारला नाही. काळ्या दगडावरची रेघ ना! ऑफिसचे मालक सयाजी सर वळले ते थेट अंकितावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पोरीनं मान खाली घालून सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. ताबीश कोपऱ्यात तहान नसताना पाणी पीत उभा राहिला. स्वतःची शिसारी येत होती, पण जीभ काही उचलत नव्हती.

निरोप मिळताच दुपारी शिवप्पा मास्तर ऑफिसात आले. अंकिता त्यांच्या पायाशी वाकली.

"ऊठ पोरी," मास्तर म्हणाले. "हात हाय, चुकतोय की. म्या बी एकदा हत्तीला पाच पाय काढलं हुतं. धा चादरी निघाल्या तवा कळलं." मग त्यांनी ताबीशकडे वळून हात जोडले. "तुमी तरी काय करनार, ताबीशभाई? तुमी तुमचं काम चोख केलं."

ताबीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्यानं निमूट गिळल्या असत्या. ते जोडलेले हात त्याला सोसवेनात.

"मास्तर, फाइल खराब झाली नाही. फाइल नव्हतीच. चौदा महिने मी कारखान्याचा बॅकअप घेतलाच नाही, नुसत्या सह्या केल्या. तुम्हाला कागद टाका म्हणालो, तेव्हाही तो बंदच होता. अंकितानं डिस्क पुसली, पण तुमची डिझाइनं माझ्यामुळं गेली."

मास्तरांचे हात हळूहळू खाली आले. ते समोरच्या खुर्चीत बसले.

"येवढ्या दिसात येकदा तरी मनात आलं का," त्यांनी विचारलं, "आपून हे बरं करत न्हाय म्हून?"

अजूनही पळवाट होती. 'विसरलो' म्हटलं असतं, तर मास्तरांनी तेही खरं मानलं असतं.

"दर आठवड्याला," ताबीश म्हणाला. "सही करताना."

मास्तरांनी मान हलवली. "मंग ती चूक न्हवं."

सयाजी सरांनी टेबलावरचा राजीनामा उचलला आणि अंकिताच्या हातात परत दिला. मास्तर उठले. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांचा तोल जरासा गेला. ताबीश सावरायला पुढं झाला, तसा त्यांनी अंकिताचा खांदा धरला.

"चल पोरी, मला रिक्षापातुर सोड."

ताबीश दारातून बाजूला झाला. एरवी त्याच्यासमोरून जाताना अंकिता 'येते सर' म्हणायची. आज ती नुसतीच गेली.