नऊ नंबर छताला

आमच्या टीमला इतिहास नाही, हे मालकांच्या एकदम लक्षात आलं. टीम तीन वर्षांची. तीन वर्षांच्या पोराला धड नाव सांगता येत नाही, टीमला इतिहास कुठून यावा? पण मालकांची, म्हणजे मनसारामभाऊंची, राईस मिल आहे. एका बाजूनं धान टाकलं की दुसऱ्या बाजूनं तांदूळ निघालाच पाहिजे, अशी त्यांची सवय.

झाडी जायंट्स ही व्यावसायिक बास्केटबॉल टीम आहे. व्यावसायिक म्हणजे खेळाडूंना पगार मिळतो, थोडा रुपयांत, थोडा तांदळात. करारात तसंच लिहिलं आहे आणि तांदूळ कधी उशिरा आलेला नाही. सामने भाऊंच्या जुन्या गोदामात होतात. मी निवृत्त पीटी मास्तर, टीमचा मॅनेजर. पाण्याच्या बाटल्या आणि खेळाडूंचे रुसवेफुगवे सांभाळणं हे माझं काम. पहिल्या वर्षी भाऊंनी एका माणसाला वाघाचा पोशाख घालून मैदानात नाचायला लावलं. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ बघून कोणी टाळ्या वाजवत नाही. बाया पोरं उचलून बाहेर पळाल्या, दोघंतिघं काठ्या घेऊन आत आले. नाचणाऱ्यानं मुंडकं काढून स्वतःचं नाव, गाव आणि बापाचं नाव सांगितलं तेव्हा कुठे सुटला. पुढे तो पोशाख कोणी मागितला नाही.

यंदा भाऊंनी मोबाईलवर बघितलं की परदेशातल्या मोठ्या टीम आपल्या जुन्या खेळाडूची जर्सी छताला टांगतात.

"सर, आपणबी टांगू," ते म्हणाले.

"कोणाची?"

"सूरजची. दुसरा जुना कोण हाय आपल्यापाशी?"

सूरज रामटेके, नऊ नंबर, पहिल्या दिवसापासूनचा कॅप्टन. वय अडतीस, आणि डावा गुडघा त्याच्याहून म्हातारा. "सर, अजून एक सीझन," असं तो गुडघ्याला तेल चोळत मला रोज म्हणायचा. मला तो पोटच्या पोरासारखा होता, म्हणून मी रोज हो म्हणायचो. सत्काराचं ऐकून तो हुरळला. चिमूरजवळच्या गावाहून त्यानं आईला बोलावून घेतलं. अंजनाबाईनं पोराचा खेळ कधी बघितला नव्हता. घरात तांदूळ येतो म्हणजे पोरगा कामावर आहे, एवढं तिला पुरे होतं.

सीझनचा शेवटचा सामना नागपूरशी होता. जर्सी टांगायचं काम बिरजू बिछायतवाल्याकडे दिलं. बिरजू दोनच प्रकारची सजावट करतो, लग्नाची आणि तेरवीची. त्या दिवशी लग्नाचं सगळं सामान मुलचेऱ्याच्या एका लग्नात गेलेलं. त्यामुळे मागे पांढरं कापड, मध्ये सूरजची जर्सी, जर्सीला झेंडूचा हार, आणि खाली स्टुलावर अगरबत्ती.

भाऊंनी माईक हातात घेतला. "आपले लाडके सूरज रामटेके! नऊ नंबर आता या टीममधी कोणीच घालणार नाई!"

मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या आणि मान खाली घातली. सूरज मनापासून टाळ्या वाजवत होता. मग त्याचे हात थांबले.

"भाऊ, कोणीच नाई म्हंजे? मंग मी काय घालू?"

प्रश्न रास्त होता. एका खेळाडूला एकच जर्सी, अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि सूरजची पंधरा फुटांवर अगरबत्तीच्या धुरात होती. रेफरी म्हणाले, नऊ नंबर नोंदवला आहे, नऊ नंबरच घालावा लागेल. मी भाऊंना बाजूला घेतलं.

"आता उतरवता नाई येत, सर," भाऊ हळूच म्हणाले. "तो नागपूरचा विक्की हाय नं, त्याले पुढच्या सीझनले घेतलं आपण. याच्या जागी. तोंडावर कसं सांगू? म्हणून तर सत्कार ठेवला."

माझं डोकं सणकलं. माणसाला घरी पाठवायचं आणि त्यासाठी त्याच्याच हातून टाळ्या वाजवून घ्यायच्या! मी भाऊंना दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. सूरज माझ्या मागेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो चिडला नाही. नुसतं म्हणाला, "आजची मॅच तरी खेळू द्या, भाऊ."

"इतिहास टांगला नं बाप्पा आत्ताच. अर्ध्या तासात उतरवला तर लोक हसतीन."

तेवढ्यात अंजनाबाई बाकावरून उठून आली. मला जयभीम घातला. मग वर बघितलं, हार बघितला, अगरबत्ती बघितली.

"हे कोणं केलं?"

बिरजू शिडीच्या मागे गेला.

"माह्या पोराची बनियान हाय ते. पोरगा इथी उभा हाय, अन् तुमी त्याले हार घालून राह्यले? उतरवा."

"बाई, हा मान असते," भाऊ म्हणाले.

"मानाचं मले नका सांगू. ह्या हातानं मी त्याच्या बापाच्या फोटोले हार घातला हाय. उतरवा म्हणलं नं!"

बिरजूनं उतरवली. मिलमालकापुढे बोलायची मला तीन वर्षांची सवय आहे, पण असं बोलणं मला जमलं नसतं.

सूरज खेळला. विक्कीला अडवायचं काम त्यानं मागून घेतलं. पहिल्या सत्रात त्यानं विक्कीचा बॉल दोनदा हिसकावला, आणि मी बाटल्या टाकून शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या सत्रात विक्की एकदा डावीकडून निघून गेला. मग परत डावीकडून. तिसऱ्यांदा सूरज वळला तेव्हा विक्की बास्केटखालून परत येत होता. सूरज कमरेवर हात ठेवून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून त्यानं स्वतःच बदलीची खूण केली. तीन वर्षांत त्याला बाहेर काढायला मला दरवेळी भांडावं लागलं होतं. त्या दिवशी तो आपणहून येऊन बाकावर बसला आणि मला रडू आलं.

"पोरगा चांगला हाय, सर," तो म्हणाला. "त्याले डावीकडूनच खेळवा."

आम्ही हरलो. लोक निघायला लागले तेव्हा सूरजनं अंगातली जर्सी काढली आणि बिरजूकडे शिडी मागितली. शिडीवर तो स्वतःच चढला, दुखरा गुडघा एकेका पायरीवर टेकवत. मी खालून शिडी धरली. हार आणि पांढरं कापड त्यानं बाजूला सारलं आणि जर्सी नुसती लोखंडी पट्टीला बांधली. तिच्यातून घाम टपकत होता.

"अरे, धुऊन तरी टांगू," भाऊ खालून म्हणाले. "ओली हाय ते."

"राहू द्या ओली," अंजनाबाई म्हणाली. "जित्या माणसाची हाय."