बाटलीवरची रेघ

कपाळ

चेहऱ्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात कपाळापासून करायला हवी. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातही तसंच करतात. बाई काउंटरवर आली की तिला उंच स्टुलावर बसवायचं, कपाळावर पातळ टिपकागद दाबायचा, दहा आकडे मोजायचे आणि कागद दिव्यासमोर धरायचा. तेलाचा डाग दिसला तर फेसवॉशची निळी बाटली, नाही दिसला तर गुलाबी. गालाला कागद लावायचा नाही. गालावरची रंगरंगोटी पुसली जाते आणि बाई तोंड वाकडं करून निघून जाते. हा कंपनीचा नियम.

धाकटीने सात वर्षांत असे किती कागद दाबले याला गणती नाही. घरातल्या दोन जावांमधली ती धाकटी, म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. दुकानातही तेच नाव कसं पोचलं कोण जाणे. कामावर लागली त्या दिवशी तिच्याही कपाळावर कागद दाबला गेला होता. कागद काचेसारखा पारदर्शक झाला आणि तिच्या कार्डावर शिक्का बसला: तेलकट. तेव्हापासून निळ्या बाटलीतला फेसवॉश, दिवसातून तीनदा.

आणि आता त्याच धाकटीच्या गालांची सालं निघत होती.

नाकाच्या दोन्ही बाजू

तिथून सुरू झालं. आधी नाकपुड्यांच्या कडेला दोन पांढरट रेघा, मग गालांवर रुपयाएवढे चट्टे. बोट फिरवलं की पापुद्रे सुटायचे आणि काळ्या युनिफॉर्मवर पडायचे. कपाळ मात्र दुपारी दोनपर्यंत असं चमकायचं की त्यात बघून केस विंचरावेत. एकाच तोंडावर दोन ऋतू.

धाकटीने स्क्रब घेतला आणि पापुद्रे घासून काढले. संध्याकाळी गाल लाल. दुसऱ्या दिवशी पापुद्रे पुन्हा हजर, सोबत चार नवे घेऊन.

एरवी तिने कानाडोळा केला असता. पण पुढच्या शुक्रवारी भिंगवाल्या बाई येणार होत्या.

भिंगवाल्या बाई मुख्य कचेरीतून वर्षातून दोनदा यायच्या. काउंटरवरच्या प्रत्येकीला तोंड धुऊन, काहीही न लावता दिव्याखाली बसवायच्या आणि भिंगातून बघायच्या. "आपली बाटली ज्या चेहऱ्यावर चालत नाही, तो चेहरा काउंटरवर चालत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्या खेपेला एकीला त्यांनी गोदामात पाठवलं. ती अजून तिथे खोकी मोजतेय. गोदामाला खिडकी नाही, आणि बोलायला माणूस नाही. धाकटीला दिवसभरात पन्नास बायकांशी बोलल्याशिवाय जेवण जात नसे.

मग तिने विचार केला. सात वर्षं काही झालं नाही, ते आत्ताच, पाहणीच्या तोंडावरच कसं झालं?

मनात पाल चुकचुकली ती इथे.

हनुवटी

हनुवटी पुढे काढून बोलायची सवय चिमणीला होती. चिमणी म्हणजे शेजारच्या नेलपॉलिशच्या काउंटरवरची. दोघींचं लॉकर एकच.

"अगंबाई, गालाला काय झालं तुझ्या?"

"काही नाही. थंडी."

"थंडी मलाही वाजते. माझं नाही निघत साल."

"तुझी कातडी जाड असेल."

"असेल बाई. पावडर थापून घे जरा. दिसायचं नाही."

धाकटीने हे मनात लिहून ठेवलं. सुटलेल्या सालावर पावडर थापली की ती कणकण वेगळी दिसते, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. चिमणीला कळत नाही? तिला कळत होतं. म्हणूनच म्हणाली.

लॉकरमध्ये धाकटीची एक निळी बाटली असायची, दुसरी घरी. ती तिने त्याच दिवशी सिंकमध्ये ओतली, नवीकोरी घेतली आणि ती पर्समध्ये घालून दिवसभर खांद्याला लटकवली.

"पर्समध्ये काय बाळ आहे का?" चिमणीने विचारलं.

"हो. झोपलंय. ओरडू नकोस."

चार दिवस गेले. साल निघतच राहिलं. म्हणजे चिमणी नाही, किंवा निदान एकटी चिमणी नाही. उरली घरातली बाटली.

डावा गाल

डाव्या कुशीवर झोपून ती भिंतीकडे बघत विचार करायची, म्हणून हा डावा गाल.

सोमवारी सकाळी तिने न्हाणीघरातल्या बाटलीवर पेनाने रेघ मारली, आतल्या फेसवॉशच्या बरोबर पातळीवर. कोणी चोरून वापरत असेल तर पातळी खाली जाईल, इतका साधा हिशेब.

मंगळवारी सकाळी पातळी रेघेच्या वर होती.

धाकटी न्हाणीघरात बराच वेळ उभी राहिली. चोर एक वेळ समजून घेता येतो. पण बाटली भरणारा?

"बाटली भरतेय," ती नवऱ्याला म्हणाली.

"कसली?"

"निळी. काल रेघेवर होती, आज दोन बोटं वर."

"मग बरंच आहे की. तेलाच्या डब्यालाही एक रेघ मार."

"चेष्टा नाही. कोणीतरी त्यात काहीतरी घालतंय. फेससुद्धा धड येत नाही. पूर्वी दोनदा दाबलं की पुरायचं, आता पाचदा दाबावं लागतं."

"कोण घालणार? घरात माणसं चार. मी नाही. दादाला स्वतःचा साबण सापडत नाही."

उरलेलं माणूस एकच होतं आणि ते भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होतं.

थोरली जाऊ कोपऱ्यावरच्या कारखान्यात पिशव्या आणि चपला दुरुस्त करायची. बोटांना कायम रंग, बोलणं मोजकं. महिन्यापूर्वी तिने एकदाच म्हटलं होतं, "एवढा घासू नकोस गं चेहरा." त्यावर धाकटी फणकाऱ्याने म्हणाली होती, "वहिनी, मी तुमच्या चपला शिवायला येते का?"

थोरली काही बोलली नव्हती. त्यानंतरही कधी त्यावर बोलली नाही. चहासुद्धा रोजच्यासारखा दिला होता.

तो चहा आता धाकटीला आठवत राहिला. एवढं ऐकून कोणी रोजच्यासारखा चहा देतं का?

बुधवारी पातळी पुन्हा वर.

उजवा गाल

गुरुवारी धाकटी कामावर निघाल्यासारखी निघाली, दार ओढून घेतलं, चपला हातात घेतल्या आणि उलट्या पावली आत आली. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. थोरली पाठमोरी उभी. एका हातात निळी बाटली, झाकण काढलेलं. दुसऱ्या हातात छोटं नरसाळं. नरसाळं कारखान्यातलं, त्याच्या कडेला वाळलेला गोंद होता.

"काय घालताय त्यात?"

थोरलीने दचकून मागे बघितलं नाही. हातातलं काम पुरं केलं, झाकण लावलं, मगच वळली.

"पाणी."

"कसलं पाणी?"

"नळाचं. दुसरं कुठलं येतं आपल्याकडे?"

"खोटं. नरसाळ्याला काय आहे ते?"

"बाहेरून गोंद आहे, आतून स्वच्छ आहे. हुंगून बघ."

धाकटीने हुंगलं. खरोखर कसलाही वास नव्हता. त्याने तिचा संशय गेला नाही, उलट वाढला.

"का पण?"

"तुझं तोंड बघवेना. सांगायची तर सोय ठेवली नाहीस. म्हटलं, औषध कडक आहे, पातळ करू."

"आणि मी पाचदा दाबत होते. फेस येत नाही म्हणून."

थोरली पहिल्यांदा गडबडली. "पाचदा?"

"वर स्क्रब."

"म्हणजे मी पाणी घालत होते नि तू घासत होतीस." ती बादलीच्या कडेवर टेकली. "शाबास आपल्या दोघींची."

तिने नरसाळं बाजूला ठेवलं.

"बस इथे," थोरली म्हणाली. "एका जनावराचं कातडं असतं ना, त्याचं पाठीचं वेगळं आणि पोटाचं वेगळं. एकाच डबीतलं पॉलिश दोन्हीकडे चोळलं तर एक चिकट होतं, दुसरं तडकतं. तुझ्या कपाळाला तेल आहे, मान्य. गालाला कुठे आहे? वय वाढतं, हवा कोरडी होते. तुमच्या दुकानात ते गरम हवेचं नवं यंत्र लावलंय ना डोक्यावर? तू गालाला कधी कागद लावून बघितलास?"

सात वर्षं. पन्नास बायका रोज. एकाही गालाला नाही, स्वतःच्याही नाही.

तिने पर्समधून टिपकागद काढला, उजव्या गालावर दाबला आणि दहा आकडे मोजले. कागद कोरडा निघाला. त्यावर फक्त चार पापुद्रे चिकटले होते.

त्या दिवशी तिने दुकानातून बिनवासाचा सौम्य फेसवॉश आणि साध्या क्रीमची डबी आणली. तोंड कोमट पाण्याने धुतलं, टॉवेलने न घासता टिपलं आणि गाल ओलसर असतानाच त्यांवर क्रीम लावलं. कपाळाला लावलं नाही. स्क्रब कपाटाच्या मागे ढकलला. एका दिवसात काय होणार? चुणचुण थांबली, एवढंच.

भिंग

शुक्रवारी भिंगातून पाहताना बाईंचा श्वास तिच्या गालावर येत होता.

"हे काय?"

"साल निघतंय."

"कार्डावर तेलकट लिहिलंय. निळी वापरत नाही का?"

"सात वर्षं वापरली. म्हणूनच निघतंय."

शेजारच्या काउंटरवर चिमणीने हनुवटी पुढे काढून ऐकायला सुरुवात केली. धाकटीने तिच्याकडे बघायचं टाळलं, दोन टिपकागद घेतले आणि एक कपाळाला, एक गालाला दाबला. दोन्ही दिव्यासमोर धरले. एक पारदर्शक, एक कोरा.

"कागद कपाळालाच लावायचा असतो," बाई म्हणाल्या.

"हो. चूक तिथेच आहे."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या जाऊबाईंनी. चपला शिवतात."

बाईंनी पेन उचललं. 'तेलकट'वर काट मारली, पण दुसरं काही लिहिलं नाही. "पंधरा दिवस देते. परत येईन. असंच दिसलं तर गोदाम."

निघताना त्यांनी टेबलावरून एक कोरा टिपकागद उचलला आणि पर्समध्ये टाकला. बाई भिंग धरून वाकल्या होत्या तेव्हा धाकटीने जवळून बघितलं होतं: बाईंच्या नाकपुड्यांच्या कडेला पावडर कणकण होऊन बसली होती.

रेघ

पंधरा दिवसांतले नऊ झालेत. नाकाच्या बाजू निवळल्या, डावा गाल सुधारतोय, उजवा अजून हट्टाला पेटलेला आहे. चिमणी विचारते, "काय लावतेस गं?" धाकटी म्हणते, "थंडी."

न्हाणीघरातल्या क्रीमच्या डबीवर तिने काल रात्री पेनाने रेघ मारली. गरज नाही, हे तिला कळतं. तरी मारली. आज सकाळी, तिने बोट लावायच्या आधीच, पातळी रेघेच्या अर्धा बोट खाली होती, आणि थोरली चहा गाळत होती तेव्हा तिच्या गालांवर खिडकीतला उजेड पडून ते ओलसर चमकत होते.

"वहिनी," धाकटी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चहा द्या."