डावा गुडघा

खोलीत दोन पलंग होते. खिडकीजवळचा ताईचा आणि कपाटाजवळचा धाकटीचा. कपाटाचं दार आपोआप उघडायचं आणि रोज पहाटे धाकटीच्या टाळक्यात बसायचं. गजराचं घड्याळ वाचलं, म्हणून घरचे खूश होते.

ताई अकरा वर्षं कराटे खेळत होती. गटात तीन जणी भरल्या नाहीत तर पदकंच द्यायची नाहीत, असा स्पर्धेचा नियम होता आणि यंदा दोघीच होत्या, ताई आणि एक फिजिओथेरपिस्ट. म्हणून ताईने चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बहिणीचं नाव परस्पर घातलं.

"मार खायला मी येणार नाही," धाकटी म्हणाली.

"माझ्यावर एक गुण काढ. खिडकीचा पलंग तुझा, कायमचा."

"लिहून दे."

ताईने लिहून दिलं. आईने साक्षीदार म्हणून सही केली. "पण ताईला मी कपाटापाशी झोपू देणार नाही हं," ती म्हणाली, "सही आपली करते."

दुसऱ्याच संध्याकाळी ताई लंगडत घरी आली. "डावा गुडघा गेला. आईलासुद्धा सांगू नकोस."

धाकटीला भरून आलं. ताईने याआधी विश्वासाने सांगितलेलं एकमेव गुपित, धाकटी दत्तक आहे हे, खोटं निघालं होतं.

सहा महिने धाकटीने रोज तो गुडघा मलम लावून चोळला. चोळताना तिला ताईची दया यायची आणि खिडकीही दिसायची. क्लासमध्ये ती एकच डाव घोटत राहिली: समोरचीच्या डाव्या बाजूला सरकायचं आणि तिला वळता येत नाही हे पाहून बरगडीवर ठोसा हाणायचा. क्लासचे सर म्हणाले, "अगं, माणसाला उजवी बाजूही असते." धाकटी गालात हसली. सरांना काय माहीत.

पहिली लढत ताईशीच लागली. धाकटी डाव्या बाजूला सरकली. सहा महिने मलम पिऊन तुकतुकीत झालेला तो डावा पाय वर आला. तिने गुडघा ओळखला, वाससुद्धा ओळखला, आणि मग पाऊल जबड्यावर बसलं.

ताईला तीन गुण मिळाले. पुढचं धाकटीला नीट आठवत नाही. फलकावर आठ-शून्य दिसत होतं आणि आई उभी राहून टाळ्या वाजवत होती.

फिजिओथेरपिस्टने धाकटीच्या जबड्याला बर्फ लावला. "तुला काय सांगितलं होतं?"

"डावा गुडघा."

"मला मागच्या वर्षी खांदा. तीन महिने फुकट उपचार केले मी."

"मग आधी बोलला का नाहीत?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "तू आली नसतीस तर माझं रौप्य गेलं असतं गं."

पुढच्या लढतीत तिने धाकटीला चाळीस सेकंदांत लोळवलं. जबड्याला मात्र हात लावला नाही, बर्फ तिचाच होता.

तीन जणींत तिसरी आली म्हणून धाकटीला कांस्यपदक मिळालं. घरी पोचल्यावर आईने ते कौतुकाने कपाटाच्या दाराला, बाहेरच्या अंगाने टांगलं. म्हणजे आता पहाटे दारासोबत पदकही लागणार होतं.

ताई खिडकीजवळ आडवी झाली आणि तिने डावा पाय पुढे केला. पाऊल टम्म सुजलं होतं.

"तुझा जबडा फार टणक आहे गं. चोळ जरा. आणि कुणाला सांगू नकोस."

धाकटीने पावलावर अंगठा दाबला. ताई कळवळली. धाकटीने आणखी जोरात दाबला. ताई आणखी कळवळली, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. धाकटी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं की सोंग, काहीच कळेना.

तिने मलमाचं झाकण उघडलं.