फुकटचा गोल

त्याला सगळे लवंगी म्हणायचे. लवंगी मिरची दिसायला बारकी, पण जिभेला लागली की डोळ्यांतून पाणी काढते, तसा. हे नाव पहिल्या प्रशिक्षकाने ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. निवड चाचणीच्या दिवशी त्याने या पोराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"स्ट्रायकर व्हायचंय? हेडर मारायला स्टूल आणून देऊ का रे, लवंगी?"

सगळी पोरं फिदीफिदी हसली.

"स्टूल राहू द्या. चेंडू द्या," लवंगी म्हणाला.

चेंडू मिळाला, आणि थोड्या वेळाने हसणं थांबलं.

देवाने उंची दिली नव्हती, ती कसर त्याने बुडाने भरून काढली. धिप्पाड बचावपटू पाठीशी येऊन भिडला की हा गुडघे वाकवायचा, बूड मागे रेटायचा आणि असं ठाण मांडायचा की मागच्याला वाटावं, आपण कपाट सरकवतोय. मग खांदा इकडे, चेंडू तिकडे, आणि कपाट पळालेलं. क्लबला पहिल्या श्रेणीत नेणारा गोल मात्र त्याने डोक्याने केला. कॉर्नरवरून चेंडू आला, सगळे ताडमाड गडी उंच उडाले, सगळ्यांचा अंदाज चुकला आणि चेंडू त्यांच्या खालून नेमका लवंगीच्या कपाळावर आला. "मला उडी मारावीच लागली नाही," असं तो वार्ताहरांना मोठ्या ऐटीत सांगायचा.

मग गुडघा गेला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "नीट चालता येईल. त्यात समाधान माना." लवंगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची बायको शहरात बस चालवायची. ड्यूटी संपवून गणवेशातच दवाखान्यात आली.

"झालं रडून?"

"डॉक्टर म्हणतात, खेळ संपला."

"डॉक्टरांनी चालता येईल म्हणून सांगितलंय ना? मग ऊठ, चाल. पुढचं आपण बघू."

तो चालला, मग जिने चढला, मग पळाला आणि पुढच्याच्या पुढच्या हंगामात परत मैदानात उतरला. क्लबने वयाचं कारण सांगून नारळ दिला, तेव्हा खालच्या श्रेणीत गेला. तिथलं मैदान सिमेंटच्या गोदामाला लागून होतं. सामना संपला की दातांत कचकच व्हायची. तिथेही त्याने गोल केले. शेवटी एका सकाळी मोजा घालायला गुडघा वाकेना, तेव्हा त्याने स्वतःच बूट खुंटीला टांगले. "मला कुणी थांबवलं नाही, मी थांबलो," हे वाक्य पुरतं ऐकवल्याशिवाय तो कुणालाही सोडायचा नाही.

पहिल्या क्लबचे अध्यक्ष घरी आले, ते यानंतर. सोफ्यावर टेकताच त्यांनी बेत मांडला. निरोपाचा सामना. शेवटच्या काही मिनिटांसाठी लवंगीने उतरायचं. पेनल्टी मिळेल. गोलकीपर लवंगीच्या उजवीकडे झेपावेल, लवंगीने डावीकडे मारायचं. गोल, फटाके, भाषण. आणि पुढे क्लबचा मानाचा प्रतिनिधी म्हणून कायमचं पद.

"गोलकीपर उजवीकडेच कशावरून जाईल?"

"अहो, त्याला सांगून ठेवलंय," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "तुम्ही काळजीच करू नका."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "तू गप्प बसलास, म्हणजे काहीतरी शिजतंय."

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाही तरी कुठे म्हटलंस?"

सामन्याच्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. लवंगी उतरला तशी आरोळी उठली, त्याच्या अंगावर काटा आला. पण चेंडू पायात आला आणि त्याचं डोकं फिरलं. समोरचा बचावपटू चक्क बाजूला झाला. दुसऱ्यानेही अदबीने वाट दिली. उभ्या आयुष्यात मैदानावर त्याला कुणी वाट करून दिली नव्हती. कोपरं मिळाली, लाथा मिळाल्या, शिव्या मिळाल्या, पण दया कधी नाही. तेवढ्यात कुणाचा तरी हात त्याच्या खांद्याला नुसता लागला आणि पंचांनी शिट्टी फुंकली. पेनल्टी.

लवंगी चेंडू ठेवून सरळ गोलकीपरपाशी गेला. पोरगा कोवळा, शिडीसारखा उंच.

"दादा, मी तुमच्या उजवीकडे जातो," तो कुजबुजला.

"तू गोलकीपर आहेस की दरवान?"

पोराचा चेहरा पडला. "साहेबांनी सांगितलंय."

"मी सांगतो ते ऐक. मुद्दाम पडलास तर मी चेंडू प्रेक्षकांत मारीन. खरंखुरं अडव."

"आणि खरंच अडला तर?"

"तर अडला. पण मला म्हातारा समजून भीक घालू नकोस."

पोराने हातमोजे घट्ट केले आणि रेषेवर जाऊन उभा राहिला, या वेळी गुडघे वाकवून.

लवंगीने जीव खाऊन मारला, खाली, डाव्या कोपऱ्यात. पोरगा झेपावला. बोटांची टोकं लागली, चेंडू खांबावर आदळून परत आला. दुसरा कुणी तिथेच थांबला असता. लवंगी त्या गुडघ्यानिशी चेंडूवर धावला! पोरगाही उठला, दोघे एकदमच पोहोचले आणि एकमेकांवर कोसळले. चेंडू पोराच्या पोटाखाली होता.

मैदान चिडीचूप. आणि त्या शांततेत फटाकेवाल्याने, त्याला सांगितल्याप्रमाणे, सगळे फटाके लावून दिले.

"दादा, लागलं का?" पोरगा घाबराघुबरा विचारत होता.

लवंगी गवतावर बसून खदाखदा हसत होता. "तुझं ढोपर बरगडीत घुसलं माझ्या. शाबास!"

काहींनी टाळ्या वाजवल्या, महागड्या खुर्च्यांतून नाराजीच्या शिट्ट्या आल्या. मैदानातून आत जायच्या बोगद्यात अध्यक्ष लालबुंद होऊन उभे होते. "सगळा कार्यक्रम मातीत घातलात! ते पद आता विसरा."

"मी ते घेतलं कधी होतं?" असं म्हणून लवंगी लंगडत पुढे गेला.

पद गेलं ते गेलंच. क्लबच्या भिंतीवरच्या तसबिरींतही त्याला जागा मिळाली नाही. आता तो बायकोच्या बस डेपोमागच्या पटांगणात चालक-वाहक बायकांच्या संघाला शिकवतो. पहिल्याच दिवशी एका दांडग्या वाहक बाईने त्याला आडवं केलं. बाकीच्या धावत आल्या, "अगं, सरांना काय पाडतेस!" म्हणून तिच्यावर खेकसल्या.

"तिला कुणी बोलायचं नाही," लवंगी धूळ झटकत उठला. "हां बाई, पुन्हा ये. या वेळी बघतो तुला."