रतनसाठी मोठ्यानं केलेली प्रार्थना

आमच्या बारामतीच्या चर्चच्या मंडळीत दर वर्षी भटकलेल्यांची यादी होते. शहाण्णव साली ती माझ्याकडं आली, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. यादीत अकरा नावं आणि तीन रकाने: नाव, गाव, भटकण्याचं कारण. पहिल्या दोन रकान्यांत आमची सहसा चूक होत नसे. तिसऱ्यात दहा जणांपुढं एकच मजकूर होता, 'जगाचा मोह'. अकरावा नोकरीनिमित्त इंदापूरला गेला होता, त्याच्यापुढं 'बदली व जगाचा मोह'. हा मोह नेमका कशाचा, हे कुणी त्या अकरांना विचारलं नव्हतं. बारामती ते इंदापूर तो एवढा मुबलक पिकत असता, तर पंच कमिटीतले आम्ही तो चाखल्याशिवाय राहिलो असतो का?

यादीतला सातवा रतन. अंथुर्ण्याला त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. दोन वर्षांत त्यानं चर्चची पायरी चढली नव्हती. त्याची आई अक्काबाई मात्र दर रविवारी एकटी एसटीनं यायची, सतरंजीवर बसायची आणि शेजारी पिशवी ठेवून एका माणसाची जागा अडवायची. तिथं कुणी टेकायला लागलं की म्हणायची, "रतनची हाय."

प्रभुभोजनाच्या एका रविवारी म्हातारीनं आम्हाला दारातच गाठलं. "सगळ्या तालुक्याची मेंढरं हुडकता, माझं एक न्हाय घावत व्हय? तासाच्या वाटंवर हाय. एक डाव त्यानं माझ्याशेजारी बसून प्रभुभोजन घ्यावं, मग मी डोळं मिटायला मोकळी."

म्हणून आम्ही तिघं निघालो: भानुदासतात्या, फुलाबाई आणि मी.

भानुदासतात्या एसटीचे निवृत्त कंट्रोलर. स्टँडवरचा भोंगा बिघडला की तात्यांच्या घशावर सगळ्या गाड्या सुटायच्या. प्रार्थनाही ते तशीच करत. देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून माणसाचं नाव, गाव, आजार, डॉक्टर, गोळ्या सकाळी किती आणि रात्री किती, सगळं सांगत. मंडळी डोळे मिटून ऐकायची आणि मिटल्या डोळ्यांचे कान फार तिखट असतात. माणूस मात्र सोन्याचा. कुणाच्या उशाशी रात्र काढायची असेल तर तात्या पहिले. मनात काळं काहीच नाही; आणि मनात काही राहतच नाही, हीच पंचाईत. फुलाबाई निवृत्त नर्स, बोलायला कमी. तिला आम्ही बायामाणसांत जाण्यासाठी घेतलं होतं.

रतन दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. बाकावर मोटारीच्या खोळंब्यात तीन शेतकरी.

"सलाम, तात्या. बसा," तो म्हणाला. खुर्च्या पुसल्या, आत चहा सांगितला. जगाच्या मोहात पडलेला माणूस एवढा अदबीनं वागतो, हे मला नवीन होतं.

तात्यांनी थेट हरवलेल्या मेंढराला हात घातला. शंभरातलं एक कसं हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून कसा निघतो. शेतकरीही कान देऊन ऐकू लागले. त्यांतल्या एकाची मेंढरं होती.

"तात्या," रतन तार न सोडता म्हणाला, "मेंढरू हरावलं का हुसकलं, ते कुणी बघायचं?"

"कुणी हुसकलं रे तुला? नाव सांग!"

"ऱ्हाऊ द्या."

"बरं, आपण प्रार्थना करू," असं म्हणून तात्यांनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या, हे तुझं लेकरू रतन, ज्याच्या संसारात दोन वर्षांपूर्वी..."

"तात्या, थांबा!"

ही रतनची बायको करुणा. चहाचा ट्रे हातात, तशीच दारात उभी. तिनं शेतकऱ्यांकडं पाहिलं आणि आम्हाला आणि रतनला मागच्या खोलीत बोलावलं. ट्रे खाली ठेवला, पण चहा काही दिला नाही.

"मूल का हुईना म्हनून गेलो, तवा पुण्याच्या डॉक्टरनं ह्यांचा रिपोर्ट बंद पाकिटात दिल्ता," ती म्हणाली. "ह्यांनी तुमाला एकट्याला सांगितलं, का तर तुमी वडलांच्या ठिकाणी. तुमी रविवारी भर मंडळीत पाकीट फोडलं."

"मी? मी तर नुसती प्रार्थना..."

"'हे पित्या, दोष करुणेत नाही, रतनात आहे, हे डॉक्टरांनी लेखी दिलं आहे.' आसंच म्हनला हुता ना? मला शब्दन् शब्द पाठ हाय."

मलाही पाठ होता. त्या दिवशी प्रार्थनेला मंडळीनं जेवढ्या जोरात 'आमेन' म्हटलं, तेवढं नाताळातही म्हणत नाहीत. नंतर बायांनी करुणेला, तुझ्यात खोट नाही म्हणून, हसतमुखानं अभिनंदन करावं तसं सांत्वन केलं. पुरुषांनी रतनला कोपऱ्यात घेऊन भोपळ्याच्या बियांपासून शिलाजितापर्यंत उपाय सांगितले. आठवडाभरात ती प्रार्थना अंथुर्ण्याला पोचली. गिऱ्हाईक मोटार टाकायला येई आणि विचारी, "रतनशेट, दुसऱ्याच्याच मोटारी चालू करायच्या का आयुष्यभर?"

तात्या खुर्चीत लहान झाले. "रतन, मी मायेनं..."

"ठावं हाय," रतन म्हणाला. "म्हनून तर भांडाय बी आलो न्हाय." मग हात पुसत म्हणाला, "आईपायी एक रविवार येतो. पर तितं माझं नाव निघालं, तर चपला घालीन आन् निघंन. मग पुन्यांदा या वाटंनं येऊ नगा."

परतीच्या गाडीत मी रतनपुढचा 'जगाचा मोह' खोडला. तिथं काय लिहावं हे सुचेना, म्हणून जागा कोरी ठेवली. तात्या खिडकीबाहेर उसाकडं बघत होते. भवानीनगर गेल्यावर एकदाच म्हणाले, "चुकलो मी." फुलाबाई म्हणाली, "आता ते मनातच ठेवा." तात्यांनी मान हलवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. एवढ्या मोठ्या वस्तूला तिथं जागा कुठली?

एप्रिलचा पहिला रविवार. अक्काबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या जागेवर माणूस बसला. करुणा सासूच्या पलीकडं. मंडळी मागं वळून वळून बघत होती, जणू मानेचा व्यायाम चालू होता. पाळकसाहेबांनी भाकर आणि प्याले मांडले आणि म्हणाले, "प्रभुभोजनाआधी कुणाला प्रार्थना करायची असेल तर करा."

भानुदासतात्या उठले. आठवडाभर झोपले नसावेत. डोळे लाल, हात जोडलेले.

"हे स्वर्गीय पित्या, मी याच जागी उभा राहून एक पाप केलं. पाप मंडळीपुढं केलं, म्हणून माफीही मंडळीपुढं मागतो. आज आपल्यात बसलेला अंथुर्ण्याचा..."

मी त्यांचा सदरा ओढला. त्यांना वाटलं, मी धीर देतोय. आवाज आणखी वाढला. "ज्याच्या रिपोर्टाबद्दल..."

रतनचा एक गुडघा उचलला गेला. अक्काबाईनं त्याची बाही पकडली, पण ती बाहीच होती; माणूस निघाला तर ती काय धरून ठेवणार? दारातल्या चपलांकडं त्याची नजर गेली.

आणि फुलाबाई गाऊ लागली.

तीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचे रिपोर्ट हाताळून एकही शब्द बाहेर न सांडलेली ही बाई, खच्चून गाऊ लागली. घाईत तोंडाला जे आलं ते नाताळाचं गीत होतं. एप्रिलच्या उन्हात, घामाच्या धारांत, तारणारा जन्मल्याची बातमी! पाळकसाहेबांनी डोळे उघडले, मिटले. पण आमची मंडळी शिस्तीची. गीत सुरू झालं की उभं राहायचं आणि म्हणायचं, महिना विचारायचा नाही. सगळे उठले. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. तात्यांचे ओठ मधोमध हलत होते, हात वर जात होते, अश्रू वाहत होते आणि अक्षरही ऐकू येत नव्हतं. पाच कडवी झाली. फुलाबाईनं पाचव्यानंतर पुन्हा पहिलं धरलं.

दुसऱ्या फेरीत रतनला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला आणि मग तोही गाऊ लागला. गीत संपलं तेव्हा तात्यांच्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं. पाळकसाहेबांनी संधी साधून घाईनं भाकर मोडली. अक्काबाईनं शेजारच्या हाताकडं बघत बघत आपला तुकडा घेतला. तो हात नीट जागेवर आहे ना, याची तिला खात्री करायची होती.

बाहेर लिंबाखाली तात्या रुसून उभे होते. "फुलाबाई, माझी माफी अर्धी राहिली."

"तुमची अर्धी बी दुसऱ्याच्या दीड येवढी असती," फुलाबाई घसा चोळत म्हणाली. आवाज पार बसला होता.

रतन चपला घालत होता. "तात्या, मला पोचली ती."

अक्काबाईनं पिशवी त्याच्या हातात दिली. "फुडच्या महिन्याला येतूस न्हवं?"

रतननं तात्यांकडं पाहिलं. "आता फुलामावशीचा आवाज कवा सुटंल, ते बघून ठरवू."

तात्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. करुणा पायऱ्या उतरून येत होती. तात्यांनी तोंड मिटलं, तिच्या वाटेतून बाजूला झाले आणि तिला हात जोडले.