कड्यावरचा पफिन आणि मी

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. पण गाडीचे नव्हे, कॅमेऱ्याचे. माझ्या अर्ध्या भागात लाल काच, अर्ध्या भागात हिरवी. मुक्या चित्रपटांचे जग काळे-पांढरे होते, तेव्हा त्यात खरे रंग आणण्यासाठी विल्फ्रेड ॲक्रॉइडने मला घडवले. मी फिरू लागले की एक चित्र लाल काचेतून उतरे, पुढचे हिरव्या. पडद्यावर दाखवतानाही मी तसेच फिरे आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत रंग उमलत.

विल्फ्रेड आणि त्याची थोरली बहीण हेस्टर मला यॉर्कशायरच्या समुद्रकड्यांवर घेऊन गेली. उडत्या पक्ष्यांवर त्याचा भारी जीव! पण पक्षी उडाला की लाल चित्रात एकीकडे दिसे, हिरव्या चित्रात दुसरीकडे. पडद्यावर त्याला रंगीत भुते चिकटत. रिळे वाया गेली. एकच उरले, आणि गावात खेळ तर जाहीर झालेला.

"मला उडणाराच पक्षी हवा," विल्फ्रेड म्हणाला.

"मग दाखव भुतं!" हेस्टर कडाडली. "अरे, कड्यावरचा तो पफिन पक्षी बघ. मघापासून बसलाय, जणू फोटोच काढायला आलाय."

"बसलेला पक्षी बघायला कोण येणार?"

"पडद्यावर रंगात कुणी पाहिलाय तो? सरक बाजूला!"

तिने कॅमेऱ्याची मूठ हाती घेतली. मी अगदी एका लयीत फिरले. पफिनने चोचीत मासे धरून सावकाश मान वळवली, तेवढीच.

खेळाला सभागृह भरले. पडद्यावर ती नारिंगी चोच पेटली आणि लोक बाकांवर उभे राहिले! एक जण मात्र ओरडला, "समुद्र निळा कुठाय?"

मी चरकले. निळा रंग मला कधी साधलाच नाही.

"आपला समुद्र निळा कधी होता रे?" मासे विकणाऱ्या टिंडलबाई गरजल्या. "जन्म गेला माझा इथं, करडाच बघितलाय!"

सभागृह हसून कोसळले. विल्फ्रेड बहिणीला म्हणाला, "यापुढं मूठ तुझी."

पुढे चाकाशिवाय रंग टिपणारी यंत्रे आली. मी पेटीत गेले. पेटीवर कोळशाची बादली आली. त्याचे मला वाईट वाटले, पण कमीपणा कधी वाटला नाही. आता मी एका छोट्या संग्रहालयात आहे. मित्रांनो, जुनी यंत्रे उन्हात टाकू नका, त्यांच्या काचा विटतात. आणि मला भेटायला आलात, तर नुसते बघून जाऊ नका. बोटे पुसा, रखवालदाराला विचारा आणि मला एकदा फिरवा.