गोळी गेली, मी मागे राहिले

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. आज माझ्या पोटात दारू नाही, तोंडात गोळी नाही. मारेली नावाच्या मुलीच्या गळ्यातल्या चामडी दोरीला मी लटकते आणि ती चालायला लागली की तिच्या कोटाच्या बटणावर टकटक वाजते. पण एके काळी मी भरलेलं काडतूस होते, आणि तेही साधंसुधं नव्हे, मॅग्नम! म्हणजे इतरांपेक्षा माझ्या पोटात दारू जास्त मावते, आणि म्हणून माझी गोळी लांब जाते. माझ्या बुडाशी एक जाड पितळी कडं आहे. तो आमच्या घराण्याचा कमरपट्टा. त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

माझा जन्म कारखान्यातला. पितळेची चकती दाबून, ओढून, तापवून मला उंच केलं आणि माझी मान बारीक केली म्हणतात. ते मला धड आठवतही नाही. मला आठवतं ते फ्लोरिसचं घर, दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावरचं. दारात पवनचक्की, मागे मेंढ्यांचा वाडा आणि पुढे नुसता माळ. झाड नाही, कुंपण दिसत नाही, गुडघ्याएवढी करडी झुडपं आणि त्यांच्यावर आभाळ. तिथे नजर कुठे अडतच नाही.

फ्लोरिस हा मेंढ्यांचा शेतकरी. तरुणपणी तो या माळावर दिवसभर चालायचा. त्याच्या वडिलांची जुनी मावझर बंदूक होती. तिचं काडतूस माझ्यापेक्षा आखूड, पोटानं बारीक. तिच्यासाठी हरणाच्या जवळ जावं लागे. वारा बघायचा, झुडपाआड बसायचं, पोटावर सरपटायचं, कोपरं सोलून घ्यायची. फ्लोरिसला गोळी झाडण्यापेक्षा हे सरपटणंच जास्त आवडायचं. मग एका वर्षी घोडा त्याच्या अंगावर पडला आणि त्याचा खुब्याचा सांधा कायमचा गेला. काठी टेकत वाड्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच त्याचं जग उरलं. हिवाळा आला की तो खिडकीशी बसून माळाकडे बघत राही. कप हातातच गार व्हायचा. बायको ड्रिका तो कप उचलायची, कॉफी गरम करून आणायची आणि परत ठेवायची.

तिकडे हिवाळ्यात वर्षाचं मांस करून ठेवतात. स्प्रिंगबॉक हरणाच्या मांसाच्या पट्ट्यांना धने, मीठ आणि व्हिनेगर चोळून त्या माळवदाखाली वाळवतात. फ्लोरिसच्या पडत्या काळात ते काम त्याच्या मुलीनं, मारेलीनं, घेतलं होतं. ती मावझर घेऊन चालत जायची आणि हरीण आणायची. फ्लोरिस पट्ट्या कापायचा, तारीफ करायचा. पण त्याच्या हाताला चैन नव्हती. एक तरी हिवाळा, एक तरी हरीण आपल्या हातानं मिळावं, ही एकच आस त्या माणसाला लागली होती.

चालता येत नाही तर लांबून मारायचं, असं त्यानं ठरवलं. मग कोणतं मॅग्नम घ्यायचं, याची चर्चा ओसरीवर आठवडेच्या आठवडे चालली. शेजारचा म्हातारा कूट रोज हजर. जाड गोळीचं तीनशेचं मॅग्नम घ्यावं का? त्याचा धक्का खेचराच्या लाथेसारखा, फ्लोरिसच्या कमरेला तो सोसायचा नाही. शिवाय एवढ्याशा हरणाच्या खांद्याचा खिमा होईल, मग ड्रिकानं वाळवायचं काय? एखादं हलकं, भन्नाट वेगाचं घ्यावं? तर माळावरचा वारा त्याच्या हलक्या गोळीला कुठल्या कुठे ढकलून देतो. मग उरलं सात मिलिमीटरचं मॅग्नम. गोळी लांबट, सडपातळ, वाऱ्याला फारशी न जुमानणारी, मार्ग सपाट, धक्का सोसवेल असा. म्हणजे मी! कपाटातली मावझरही सात मिलिमीटरचीच, तेव्हा नातं जुनंच निघालं. मी मनातून फुलून गेले.

कूटला मात्र हे काही पटेना. त्याचं आपलं एकच, की जवळ जाऊन मारतो तो शिकारी, लांबून मारतो तो नेमबाज. फ्लोरिसला डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा आणि माझं कडं बघून तो म्हणाला, की चला, दोघांच्याही कमरेला पट्टा, जोडी झकास जमली. सगळे हसले. मग हसता हसताच तो बोलून गेला, "फ्लोरिस, तुझे पाय थकले म्हणून तू आता गोळीला चालायला पाठवतोस."

फ्लोरिस हसला नाही. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि ड्रिकाला कॉफी आणायला सांगितली. कूटच्याही ध्यानात आलं, की हे जरा जास्तच झालं.

मित्रांनो, मला भरलं ते स्वयंपाकघराच्या मेजावर. तिकडे बरेच शिकारी काडतुसं हातानं भरतात. फ्लोरिसनं तराजूवर दारूचा कण न् कण तोलला, माझ्या बुडाला ठिणगी देणारी टिकली बसवली, तोंडात गोळी दाबली आणि मऊ फडक्यानं मला पुसलं. इतकं हळुवार मला नंतर कुणी धरलं नाही. मारेली समोर बसून कॉफीत टोस्ट बुडवत होती. तिनं माझी एक रिकामी बहीण उचलून ओठाशी धरली आणि तिच्या तोंडावरून फुंकर मारली. अशी कडक शीळ निघाली की मांजर उठून पळालं. लहानपणी ती माळावर भटकायला गेली की फ्लोरिस मावझरच्या पुंगळीवर अशीच शीळ घालायचा आणि ती लांबून टोपी उंच करायची. ऐकलं, येते, असा त्याचा अर्थ. ते आठवून दोघं हसली.

आता चूक सांगते. आमचा नेम जोखला गेला तो उन्हाळ्यात. तिकडचे ऋतू इथल्या उलट, हिवाळा जून-जुलैत. फेब्रुवारीच्या रणरणत्या दुपारी फ्लोरिस तळ्याच्या बांधाआड पालथा पडायचा आणि चारशे पावलांवरच्या पत्र्यावर गोळ्या मारायचा. काडतुसांचा डबा शेजारी उन्हात. पत्र्यावर भोकं अशी एकाजवळ एक पडली, की कूटसुद्धा टोमणे विसरला. पण कारूचा हिवाळा वेगळा असतो. मेंढ्यांच्या हौदावर बर्फाचा पापुद्रा धरतो. गारठ्यात दारू आळसावते, गोळीचा वेग घटतो आणि ती लांबवर गेली की खाली बसते. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मारेलीनं जूनमध्ये म्हटलंही, की बाबा, एकदा थंडीत जोखून बघूया. फ्लोरिस नंतर बघू म्हणाला. खरी गोष्ट अशी, की थंडीत त्याचा सांधा आखडायचा आणि जमिनीवर पालथं पडलं की त्याला उठवायला माणूस लागायचं. ते मुलीनं बघायला नको होतं. म्हणून त्यानं उन्हाळ्याच्या नेमावर भरवसा ठेवला.

जुलैतली ती सकाळ. मारेलीनं जुनी पिकअप टेकडीच्या माथ्यावर नेऊन लावली. फ्लोरिसला तिच्या टपावर बंदूक टेकवून उभं राहता येत होतं. खाली अख्खा माळ पांढरा पडला होता. लांबवर कळप, कळपाच्या कडेला एक म्हातारा नर. फ्लोरिसनं मला नळीत सारलं. त्याची बोटं थंड होती आणि श्वास मात्र शांत होता. कितीतरी वर्षांनी तो माळावर होता.

चाप ओढला. माझ्या पोटात आग पेटली, गोळी सुटली, आणि मित्रांनो, तेव्हा मला कळलं की लांब जाते ती गोळी. मी नव्हे. मी जिथल्या तिथे राहिले, काळवंडलेली, गरम, रिकामी.

नर पडला नाही. गोळी खाली लागली होती. पुढचा पाय मोडून तो तीन पायांवर उधळला आणि झुडपांत दिसेनासा झाला. फ्लोरिसनं नळीमागची खिट्टी मागे ओढली, मी बाहेर पडले, त्यानं मला मुठीत घेतलं. 

त्या मुलखात एक रीत आहे. ज्यानं जखमी केलं, त्यानंच मागे जायचं. संध्याकाळच्या आत जनावर गाठून त्याला वेदनेतून सोडवायचं. रात्री कोल्हे जिवंतपणीच लचके तोडतात. असं जनावर सोडून घरी येणाऱ्याच्या ओसरीवर शेजारीपाजारी कॉफीला बसत नाहीत. फ्लोरिसनं जन्मात एकही सोडलेलं नव्हतं. तो काठी घेऊन उतारावर निघाला. दहा-बारा पावलांत सांध्यानं दगा दिला आणि तो दगडावर बसला. मारेलीनं पिकअपमधली मावझर खांद्यावर घेतली.

"मी जाते, बाबा. तुम्ही इथून बघा."

आणि ती चालायला लागली. फ्लोरिस दुर्बिणीतून बघत राहिला. ती वाकून रक्ताचे थेंब शोधायची, वारा बघायची, पुढे व्हायची. सगळं त्यानंच शिकवलेलं. मी त्याच्या मुठीत होते, मला त्याची नाडी लागत होती. ज्या वाटांसाठी तो वर्षानुवर्षं झुरला, त्यांवरून ती चालत होती आणि तो बसला होता. मीही बसले होते. आम्ही दोघंही मागे राहिलेलेच.

दुपार कलली. खडकाळ बरड लागलं आणि रक्ताचा माग तुटला. मारेली चुकीच्या बाजूला वळली. तेवढ्यात फ्लोरिसला दिसलं. तिच्या पाठीमागे, कोरड्या ओहोळाच्या वळणावर, दगडांआड एक कान हलला. नर तिथे पडला होता. टेकडीवरूनच दिसेल, खालून दिसणार नाही, अशी जागा. फ्लोरिसनं हाका मारल्या. आवाज टेकडीखालीसुद्धा पोचला नाही. फोनला तिकडे रेंज नसते. मारेली लांब लांब चालली होती आणि सूर्य खाली येत होता.

मग त्यानं मूठ उघडली. मला ओठाशी धरलं आणि फुंकर मारली.

मित्रांनो, माझ्या रिकाम्या पोटातून निघालेली ती शीळ मी जन्मभर विसरणार नाही. ती माळावरून सरळ गेली. कुठेही खाली बसली नाही. एक ठिपका थांबला, वळला आणि त्यानं टोपी उंच केली.

फ्लोरिसनं काठीच्या टोकाला टोपी अडकवून डावीकडे धरली. ती त्या बाजूला वळली. थोडी भरकटली की पुन्हा शीळ, पुन्हा टोपी. असं करत त्यानं तिला ओहोळापर्यंत नेलं. शेवटी ती वाकली, मग पोटावर पडली आणि सरपटत गेली. मावझरचा आवाज टेकडीवर पोचला तेव्हा नर आधीच निपचित झाला होता. फ्लोरिसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

अंधारायच्या आधी ती हरीण खांद्यावर घेऊन आली. कोपरं सोललेली होती. ती त्याच्याशेजारी बसली.

"बाबा, तुम्ही नसता तर तो रात्रभर तसाच पडला असता."

"मी नसतो तर तो पडलाच नसता," फ्लोरिस म्हणाला.

तिनं त्यावर काही समजूत काढली नाही. त्याच्या मुठीतून मला घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग पुढच्या हिवाळ्यात दोघं मिळून. तुम्ही बघायचं, मी चालायचं." मावझरचा आवाज ऐकून कूटही टेकडीवर आला होता. एरवी काहीतरी टोमणा मारलाच असता; आज त्यानं आधी हरीण पिकअपमध्ये चढवलं.

त्यानंतर फ्लोरिसनं मॅग्नम झाडलं नाही. माझी भरलेली भावंडं अजून कपाटात आहेत, गोळ्या तोंडात धरून वाट बघताहेत. त्यांची मला कणव येते. मी मात्र दर हिवाळ्यात त्याच्याबरोबर टेकडीवर जायचे. तो बघायचा, मी वाजायचे, मारेली चालायची. इतकं सुख मला भरलेली असताना मिळालं नव्हतं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. लांबचा पल्ला गाठणारं काही हाती घ्याल तेव्हा त्याचं मोठेपण बघून भुलू नका. ज्या दिवशी, ज्या हवेत ते वापरायचं, त्याच हवेत आधी जोखा. चुकलात तर मागे जा, दमलात तरी जा. आणि जे मागे राहतात, रिकामे होतात, त्यांना भंगारात टाकू नका.

यंदाच्या हिवाळ्याआधी फ्लोरिस गेला आणि मारेलीनं मला चामडी दोरीत ओवून गळ्यात घातलं. या हिवाळ्यात मारेली मावझर घेऊन एकटीच चालत गेली, खूप जवळ गेली आणि एकाच गोळीत हरीण मिळवलं. मग तिनं मला दोरीवरून सोडवून ओठाशी धरलं आणि टेकडीकडे तोंड करून शीळ घातली. टेकडीवर पिकअप नव्हती, दुर्बीण नव्हती, कुणी नव्हतं.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःचीच टोपी उंच केली.